मोकळी दोरी

माजं म्हायेर आन् सासर एकाच दर्याचं, मधी फक्त खाडी, माजी आयस बोलायची, तुला परक्या घरी नाय दिली, पल्याडच्या आलीत दिलीय. देशात झेंडा बदलला त्या साली माजं लगीन झालं. बापूस डोलकर, घोव डोलकर, जन्मले तवापास्नं हाताला बोंबलाचा वास, तो आता मसनात माज्यासंगतीच जानार. लिवताय ना? लिवा. मी बोलाया लागले का थांबत नाय, घोव बोलतो तुजी जीभ म्हंजे करवत हाय, तर तीच जीभ जवा चालाया पायजे होती तवा नाय चालली, तेच सांगाया तुमाला बसवलंय.

बोंबील सुकवताना बघितलंत कदी? किनाऱ्यावर बांबू रोवायचे, त्यांना दोऱ्या तानायच्या, बोंबलाच्या जोड्या करायच्या, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा, आन् दोरीवर टांगायच्या. त्याला आमी वलांडी बोलतो. दर घराची जागा ठरलेली, वरच्या भुसभुशीत रेतीत. खालची ओली रेती घट्ट, पन ती दर्याची. माजी सासू लई कडक, तिचा एकच नेम, माल उतरला का दोरी उतरवायची, मोकली दोरी कुनाला दिसत नाय, गुरं अडकतात, पोरं अडकतात. मला वाटायचं म्हातारीला दुसरा धंदा नाय.

लगनानंतरच्या एका थंडीत बोंबील एवडा लागला का जागा पुरेना. भांगाचे दिवस होते, भांगाला भरती वरपर्यंत चढत नाय, म्हनून मी आमची वलांडी खाली घट्ट रेतीवर वाडवली, पार दर्याच्या तोंडाशी, चार बांबू जास्तीचे. जावेनं हटकलं तर तिला बोलले, दर्या तुज्या बापाचा हाय का. मंग एका सांजेला तिथला माल सुकला, उतरवला. बोटं चिरलेली, दोरी सोडाया जिवावर आलं, उद्या परत माल घालायचाच हाय, कशाला सोडायची. सासूनं इचारलं, दोरी उतरवलीस? मी व्हय बोलले. एवडंच खोटं. रोज धा खोटी बोलतो आपून.

इमानं आमाला नवी नव्हती. मुंबईकडनं इमान शिकनारी पोरं यायची, किनाऱ्यावरच्या किल्ल्याला वलसा घालून माघारी जायची, आमच्या पोरी हात करायच्या. दुसऱ्या दिशी सकाली एक आलं आन् त्याचा आवाजच बंद पडला. वर बघते तर खाली खाली येतंय, घारीगत, गप. मला वाटलं दर्यात जातंय. तर नाय, त्यानं किनारा धरला. वरच्या वलांड्या मालानं भरलेल्या, त्या त्याला दिसल्या, त्या टालून तो खालच्या घट्ट रेतीवर आला. आन् काय सांगू तुमाला, घोवाची होरी रेतीला लागते तशी हलकी चाकं टेकली. टेकून धावत येत होता तो, ह्या डोल्यांनी बघितलं, आन् तवा मला माजी दोरी आठवली. मी वरडले. त्याला काय ऐकू जानार? चाकं दोरीत गेली, बांबू उपटले, इमान नाकावर उलटं झालं.

मी आन् जावेनं त्याला बाहेर काडला. वीसएक वरसाचं पोर, मिशी पन धड नाय. मास्तर संगती नव्हता, एकटाच निगाला होता. पानी पाजलं, घोट आत गेला नाय. जाव पाटलाला बोलवाया धावली. आन् मी काय केलं ठावं हाय? पोर तिथं आडवं, आन् मी त्याच्या चाकातनं दोरी सोडवत होते. सुटली नाय तिथं कोयत्यानं कापली, बांबू उचलले, सगलं वर नेऊन आमच्या ढिगात टाकलं. आदल्या सांजेला जिवावर आलेलं काम, त्या दिशी एका दमात केलं.

पोलीस आले, मुंबईचे साहेब आले, लिवून घेऊन गेले का शिकाऊ होता, उतरवाया जमलं नाय, चूक त्याचीच. जावेनं माज्याकडं बघितलं आन् बोंबलाच्या जोड्या कराया बसली.

पंधरा दिसांनी त्याची आय आली, एकटी. माझ्या लेकाला पाणी पाजलं ती बाई कुठली, असं इचारत माज्या दारात आली. माजा हात धरला. बोलली, सगळे त्याचीच चूक म्हणतात, त्याचे वडीलसुद्धा तेच म्हणतात, तुम्ही तिथं होतात, तो नीट उतरला होता का एवढंच सांगा. मी बोलले, माजी पाठ होती, मी नाय बघितलं. ती बरं बोलली. मंग पिशवीतनं खन-नारल काडला आन् माजी ओटी भरली. माजी! तो खन मी शिवला नाय, टाकला पन नाय.

सासूला ठावं होतं. ढिगातली कापलेली दोरी तिनं बघितली असनार, कारन त्या दिसापास्नं मरेपर्यंत तिनं मला परत कदी इचारलं नाय का दोरी उतरवलीस? ती शिव्या देती तर बरं झालं असतं.

आता माजा थोरला त्या पोराच्या वयाचा झालाय, होरीवर जातो. तो येईपर्यंत मी किनाऱ्यावर बसते, तवा त्या पोराची आय डोल्यासमोर येते. तिचं गाव ठावं नाय, नाव इचारायची माजी छाती झाली नाय. तुमचं लिवलेलं मुंबईत वाचतात ना? असंल तिथं देव तिला सुखी ठेवो. माजं बाकीचं लिवा नायतर नका लिवू, पन एवडं लिवा. मी बघितलं होतं, बाय. तुजा लेक नीट उतरला होता. दोरी माजी होती.