पहिल्या खांद्याचा मान

मंडळी, एक विचारतो. घरातल्या कुणाला फाशी झाली, तर तो दोर कुणी भिंतीवर टांगतं का? त्याला हार घालतं का? नाही ना! मग आपण काय केलंय बघा. वधस्तंभ म्हणजे गुन्हेगाराला मारायचं लाकूड. आणि आपण ख्रिस्ती माणसांनी तोच देवळावर चढवला, गळ्यात घातला, लेकराच्या कपाळावर बोटानं काढला! आपण वेडे, का यात काही मर्म आहे? ऐका. झांजवाले, जरा हात आवरा.

गोदाकाठचं एक गाव. नाव सांगत नाही, लगेच पाव्हणे शोधाल. तिथं उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, बाभळीचा मोठा क्रूस देवळातून माळावर नेत. पहिला खांदा पाटोळ्यांचा — का, तर त्यांच्या आज्यानं ते झाड तोडलं होतं. माळ येईपर्यंत दुसऱ्यानं हात लावायचा नाही! अहो, जिथं प्रभूच्या अंगावरचा कपडासुद्धा काढून घेतला, तिथं आपण मानपान नेला. प्रभूचा क्रूस वाहायला शिमोन कुरेनेकराला तर शिपायांनी रस्त्यातून वेठीला धरलं. तो म्हणाला का, आधी मला फेटा बांधा?

त्या वर्षी मान शमुवेलअण्णा पाटोळ्यांचा. गावात दबदबा. पण त्यांची लेक सलोमी, नवऱ्यानं टाकलेली, माहेरी आली तेव्हा अण्णा उंबऱ्यातूनच म्हणाले, "माझ्या नावाला बट्टा लावलास. इथं पाय ठेवू नकोस." ती गावाबाहेर पत्र्याच्या खोलीत राहायची, विड्या वळायची. रविवारी देवळात शेवटी बसायची. बाप वळून बघत नसे.

निघाली मिरवणूक. अण्णांचं पांढरंशुभ्र धोतर, खांद्यावर क्रूस. ऊन मी म्हणतंय. माळाचा चढ लागला आणि पाय मुरगळला — अण्णा गुडघ्यावर! क्रूस मानेवर. एकुलता मुलगा पुण्याला. आणि सगळा गाव बघत उभा. म्हातारा लाकडाखाली मेला तरी चालेल, मान मोडायचा नाही! काय म्हणावं या भक्तीला?

तेवढ्यात गर्दीतून सलोमी पुढं झाली. तिनं लाकडाचं टोक उचललं. एक पंच खेकसले, "ए बाई, सोड! टाकलेल्या बाईनं क्रूस धरायचा का?"

आता अण्णांपुढं काय होतं, सांगा. लेकीला झिडकारावं, तर इज्जत राहते. तिला जवळ करावं, तर जन्मभर जपलेली इज्जत सगळ्यांदेखत मातीत जाते. अण्णांनी मान वळवून पाहिलं. घामानं निथळणारी लेक. म्हातारा ढसाढसा रडला.

"पंच," ते म्हणाले, "या लाकडावर कुणाला खिळलं? सगळ्यांनी टाकलेल्यालाच ना? मग तिनं नाही धरायचं, तर कुणी?" आणि लेकीला म्हणाले, "पोरी, पहिला खांदा तू दे. मी मागं धरतो."

"नको अण्णा, बरोबरीनं नेऊ," ती म्हणाली. "तुमचा पाय दुखतोय."

संध्याकाळी उपास सुटला, तेव्हा सलोमीचं ताट बापाच्या ताटाशेजारी होतं. मान गेला, लेक घरी आली.

मंडळी, हेच ते मर्म. त्या लाकडावर जो हरला, तोच जिंकला. लाज होती तिथं गौरव झाला. आपण वेडे नाही — पण नुसता गळ्यात घालून फिरलो, तर मात्र वेडेच!

माझं आख्यान संपलं, तुमचं आता सुरू. तुमचं दार कुणासाठी बंद आहे? घरी जा, आधी कडी काढा. प्रार्थना मग म्हणा.