सूर फाटला अन् मी बाजूले पाहिलं

हे सांगाचं मी लय वर्षं टाळलं. तुमी याआधीबी माह्याबद्दल लिहून घ्याले आल्या होत्या ताई, तेव्हा मी तुमाले वरातीच्या गमती सांगितल्या, कोणत्या नवरदेवाचा घोडा कसा बिथरला, कोणाचा मामा ट्रम्पेटवाल्याच्या गळ्यात पडून कसा रडला, अन् चहा पाजून वाटेले लावलं. आज तसं करत नाही. ज्याचं सांगाचं तो सुखदेव आता राहिला नाही, मंग लपवाचं कोणापासून.

मी नांदगाव खंडेश्वरकडचा. घरी काळी जमीन, वरचे भाऊ सारे कामाले वाघ, मी शेंडेफळ, माह्यावाचून कधी वखर अडला नाही. गावात लग्न असलं की अकोल्याचा बँड ये, अन् मी क्लॅरिनेटवाल्याच्या तोंडापुढं उभा राहो, पंगत उठून जाय तरी मले जेवाचं भान नसे. एक दिवस त्याच बँडच्या मागं निघून गेलो. बाप म्हणे, आपल्या घरचं पोरगं लोकायच्या दारात पिपाण्या फुकते काय, त्यापेक्षा बकऱ्या चारत बस म्हणा. अन् माय, गावात आमचा बँड आला की तब्येत बरी नाही म्हणून घरातच राहे, काहून की पोरगं लाल कोटात दिसन.

अकोल्याले उस्तादनं मले शिकवलं. बँड त्यायचाच होता. माह्याबरोबरच सुखदेव शिकला, तो पातूरचा, माह्याहून लहान, मले भाऊ म्हणे. त्याचा बाप गावोगाव डफ वाजवून पोट भरे, म्हणून ताल त्याच्या अंगातच होता, अन् सूर तर असा की उस्ताद डोळे मिटून ऐकत. आता काय सांगू तुमाले, बँडमध्ये क्लॅरिनेटवाले दोघं असतात, एक पुढचा, त्याच्या कोटाले झालर जास्त, लोक नोटा ओवाळतात त्या त्याच्यावर, अन् दुसरा जोडीचा, तो बाजूले उभा राहून तेच गाणं त्याच सुरात वाजवते, पुढच्याचा दम तुटला तरी गाणं तुटू नाही म्हणून. पुढचा मी झालो. मी उंच, रंगानं उजळ. उस्ताद म्हणत, तेरी सूरत सामने की है, सूर सुखदेव का. हासून म्हणत, पण मले ते लागे, अन् लागे काहून की खरं होतं.

पहिल्याच सीझनले एका मंडपाच्या दारात माहा सूर फाटला. वरची पट्टी घ्याची होती, मनात आलं की येते का नाही, अन् तेवढ्यात भोकावरचं बोट हललं. कर्रकन् आवाज झाला. नवरदेवाचा काका म्हणे, काहून गा, कोंबडं कापून राहिला का. सारी वरात हासली. झालं, तेव्हापासून वरची पट्टी आली की मले तो काकाच दिसे. येते का नाही, येते का नाही, हेच मनात, अन् असं मनात आलं की मंग नाहीच येत. कलाकाराच्या मनातली शंका म्हणतात ना ताई, ती मोठी गोष्ट नसते, बोटाखालच्या भोकाएवढी असते, पण हवा सारी तिथूनच जाते.

मंग बाळापूरच्या एका लग्नात पुन्हा फाटला, तेव्हा मी घाबरून सुखदेवाकडं पाहिलं. खरं सांगतो, तेव्हा मदतीसाठीच पाहिलं, बाबू सांभाळ म्हणून. पण लोकायनं काय पाहिलं, की पुढच्यानं जोडीवाल्याकडं पाहिलं, म्हणजे चुकला तो. एक जण त्याले म्हणेबी, अबे नीट वाजव, भाऊचं गाणं नासवून राहिला. मी उघडं तोंड मिटून घेतलं. आमच्या घराले शेत होतं, आडनाव होतं, सुखदेवाच्या बापाच्या गळ्यात डफ. दोघायपैकी चुकलं कोण हे ठरवाले लोकायले माही एक नजर पुरली, अन् तीबी नसती तरी चाललं असतं.

पुढच्या वेळी मी मदतीसाठी पाहिलं नाही. जाणून पाहिलं. थोडी भुवई वर करून, मान हलवून, जसा मोठा भाऊ लहान्याची चूक पोटात घालते तसं. अन् काय सांगू, माही भीतीच गेली. सूर फाटला तरी तो माहा नाही, हे एकदा ठरलं की छाती भरून येते, बोटं हलकी होतात. लोक म्हणत, शामरावचा कॉन्फिडन्स पाहा. उस्तादले कळे का नाही मले माहीत नाही. ते मोतीबिंदूनं थकले होते अन् मागं ढोलाजवळ चालत.

सुखदेव एका सकाळी मोर्णेच्या काठी एकटाच वाजवत बसला होता. मी गेलो तर म्हणे, भाऊ, एक विचारू का, रागावू नका. काल तो सूर माहाच फाटला का? मी म्हटलं, काहून? तर म्हणे, मले वाटते मी बरोबर वाजवला, पण ढोलाच्या आवाजात आपलाच सूर आपल्याले ऐकू येत नाही, अन् तुमी पाहिलं म्हणजे माहाच असन. मी क्लॅरिनेटच्या तोंडची पत्ती बदलली, पहाटे उठून वाजवून राहिलो, तरी होऊनच राहिलं. ताई, तेव्हा सांगता आलं असतं. आमी दोघंच होतो, नदीवर धुणं धुणाऱ्या बाया सोडल्या तर कोणी नव्हतं. मी म्हटलं, होते गा कधी कधी, मनावर घेऊ नको. अन् त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो हात मले आजबी आठवते.

पुढं उस्तादनं दुसरी पार्टी काढाची ठरवली, अमरावतीच्या लग्नांसाठी, अन् तिचा पुढचा म्हणून सुखदेवाले बोलावलं. झालरीचा कोट शिवून ठेवला होता. सुखदेव म्हणे, उस्ताद, माह्यानं नाही होणार, माहा सूर फाटते, पार्टीचं नाव जाईन. उस्ताद ओरडले, कौन बोला? तो म्हणे, कोणी नाही, मलेच माहीत आहे. मी तिथंच उभा होतो. उस्तादनं माह्याकडं पाहिलं, तू बोल म्हणाले. मी म्हटलं, त्याच्या मनाविरुद्ध कशाले उस्ताद. तो कोट मंग दुसऱ्याच कोणाले आखूड करून दिला. अन् सुखदेवनं क्लॅरिनेट उस्तादच्या पायाशी ठेवलं अन् झांज मागून घेतली. बँड सोडला नाही त्यानं, सोडला असता तर मले बरं गेलं असतं. लय वर्षं तो माह्या पाठीमागं झांज वाजवत चालला.

आता ऐका. त्याच्या जागी उस्तादनं कोणाले घेतलं नाही, म्हणून बाजूले पाहाची सोयच गेली. एका वरातीत माहा सूर असा फाटला की मीच दचकलो. बाजूले कोणी नाही. मी तसाच पुढचा सूर घेतला, अन् काय झालं, काहीच झालं नाही. पोरं नाचत होती ती नाचतच राहिली, घोडा चालत होता तो चालत राहिला. ज्याच्या भीतीनं मी एक माणूस मोडला, ती गोष्ट वरात थांबवण्याएवढीबी नव्हती. तेव्हा तरी सुखदेवाले सांगाले पाहिजे होतं, पण तेव्हा माहं नाव झालं होतं, नाव झालं की माणूस जास्त भित्रा होते.

मागच्या उन्हाळ्यात नातीच्या गाण्याच्या क्लासनं अमरावतीले पोरापोरींचं शिबिर घेतलं, कलाकारानं मनातली शंका कशी घालवावी म्हणून. मले सत्काराले बोलावलं. माह्याआधी एक साहेब बोलले, त्यायनं साऱ्या पोरायकडून मोठ्यानं म्हणून घेतलं, मी उत्तम कलाकार आहे, रोज आरशापुढं म्हणा म्हणे. चांगले होते साहेब, पोरायले बरं वाटलं. पण मी खुर्चीवर बसून विचार करत होतो, मी उत्तम आहे हे म्हणणं सोपं असते, फक्त चूक ठेवाले दुसरी जागा पाहिजे. मंग एक तबलेवाली पोरगी उठली, चष्मा लावलेली, म्हणे आजोबा, तुमचा सूर कधी फाटला का, मंग तुमी काय केलं? मी म्हटलं, नाही बेटा, विश्वास असला की फाटत नाही. टाळ्या पडल्या. अन् ती पोरगी एवढंसं तोंड करून खाली बसली, काहून की तिचा ताल चुकत असन, तिले वाटलं असन आपल्यातच खोट आहे. म्हणजे मी पुन्हा तेच केलं. तिले सांगासारखं एवढंच होतं, शंका येते तर येऊ दे, चुकला तर माहा चुकला म्हण अन् पुढची मात्रा वाजव.

त्या आठवड्यात मी पातूरले गेलो. बसमध्ये सारं पाठ करत गेलो. सुखदेव खाटेवर होता, दम लागे, पण मले पाहून उठून बसला, सुनेले म्हणे, शामभाऊ आले, खुर्ची दे, साखर जास्त टाक. मी सुरुवात कराच्या आधीच त्यानं माहा हात धरला. म्हणे, भाऊ, मनात एक होतं, बरं झालं तुमी आले. मी तुमची किती गाणी नासवली, पण तुमी चार लोकात मले कधी बोलले नाही, फक्त पाहिलं अन् सांभाळून घेतलं. माफ करजा मले.

अन् मी काय म्हटलं माहीत आहे ताई? मी म्हटलं, जाऊ दे गा, होते असं.

मी त्याले माफ केलं. चहा पेलो अन् उतरत्या उन्हात बसनं वापस आलो. पुन्हा जाऊ, नीट सांगू, असं म्हणता म्हणता त्याच्या पोराचा फोन आला.

तेरवीले गेलो. बँडवाले जुने कोणी उरले नव्हते, म्हणून पोरगा म्हणे, काका, तुमी बाबाबद्दल दोन शब्द बोला. मी उभा राहिलो. सारे पाहत होते, त्याची बायको ओट्यावर बसली होती. मले म्हणाचं होतं, सुखदेवा, फाटला तो सूर माहा होता, तुहा कधीच फाटला नाही, आमच्या दोघायत वाजवणारा तूच होता, मले माफ कर. ओठापर्यंत आलं होतं. मी म्हटलं, सुखदेव झांज लय चांगली वाजवे. लोकायनं माना हलवल्या. मंग पोरानं पत्रावळ मांडली अन् मी जेवाले बसलो.