होकार कोणी दिला?

भूमिका : ‘वाडीतल्या सगळ्यांनी होकार दिला’ असं बंधाऱ्याच्या प्लानमध्ये लिहिलंयस ना, दादा? ही रोशनी वाडीचीच. विचार तिला, कोणी दिला होकार?

ओमकार : हळू बोल गो, ओढ्याच्या काठावरची पोरं बघतायत. ते मी नाय लिहिलं. एआयनं लिहिलं.

भूमिका : आणि खाली सही कोणाची? संस्थेचा प्रोजेक्ट मॅनेजर तू की तो?

ओमकार : टाइम नव्हता, भूमे. नकाशा टाकला, ओढ्याची माहिती टाकली, त्यानं झटक्यात करून दिलं. मराठी बघ ना, कशी टकाटक आहे!

भूमिका : थापाड्याची मराठी कधी अडखळते का?

रोशनी : आमच्याकडं कोणीच आला नाय, दादा. शाळेत श्रमदानाला माती भरायच्या गोणी वाटल्या, तवा आमाला कळला.

ओमकार : अगं, पण पाणी अडलं तर तुमच्याच वालाच्या पिकाला मिळेल ना?

रोशनी : बंधारा नको कोण बोलतंय? इथं नको. शाळेत यायला आमी या दगडांवरनंच ओढा उतरतो. पाणी चढलं की दगड बुडले.

ओमकार : मग पुलावरून...

रोशनी : पूल पार धसईच्या रस्त्याला. माझी धाकली बहीण तानी पहिलीत हाय. दोन दिवस चालंल ती, मग घरीच बसंल.

भूमिका : ऐकलंस? तुझ्या टकाटक मराठीपायी एका पोरीची शाळा सुटणार!

ओमकार : नकाशात दगड दिसतच नाहीत. मशीनला काय कळणार?

भूमिका : मशीनवर नाही रे माझा राग! म्हसाच्या जत्रेत बैल घेताना आपले काका काय करतात? विकणारा कितीही गोड बोलू दे, आधी बैलाचे दात बघतात, चार पावलं चालवून बघतात. आणि तू? अख्खा प्लान घेतलास, त्याचं तोंडसुद्धा उघडून न बघता!

ओमकार : बरं बाई, चुकलं. आज रात्री त्याला सांगतो, दगड हिशेबात धरून नवीन प्लान दे.

भूमिका : आणि परत न वाचता पुढं ढकल!

ओमकार : मग करू काय? उद्या श्रमदान, संस्थेचे साहेब येणार, मंडप सांगितलाय...

भूमिका : थांबव ना! आत्ता फोन कर. नवीन प्लान त्याच्याकडून घे हवा तर, पण प्रत्येक ओळीपुढं एका माणसाचं नाव लिही. ज्यानं स्वतः जाऊन बघितलं, विचारलं, त्याचं.

ओमकार : निम्म्या ओळी रिकाम्या राहतील.

भूमिका : राहू देत! रिकाम्या आहेत हे तरी साहेबांना दिसेल.

(ओमकार खिशातून फोन काढतो. साहेबांना लावतो.)

ओमकार : साहेब, उद्याचं काम थांबवावं लागेल... नाय, पाऊस नाय... लोकांचा होकार, साहेब. तो आपण घेतलाच नव्हता... हो, सही माझीच आहे... हो.

भूमिका : तापले?

ओमकार : तापणारच. रोशनी, वाडीत आता कोण भेटंल?

रोशनी : आजा असंल. बूट काढ, दादा. नी त्या मधल्या दगडावर पाय नको ठेवू, तो हालतो. माझ्या मागनं ये.