सबनीसांचं फाटक

सकाळी फिरल्यानं माणसाचं आयुष्य वाढतं म्हणता ना, मग आमच्या सबनीसांचं ऐका. हे कंपनीचे टाइमकीपर. भोंगा थांबला की फाटक बंद. मग तुम्ही दोन पावलांवर असा, नाहीतर घरात कुणी गेलेलं असो. "उद्या या," एवढंच बोलायचे.

रिटायर झाले आणि पवनेच्या काठच्या पायवाटेनं रोज सकाळी फिरायला लागले. थेरगावहून फर्स्ट शिफ्टला जायची आमची वाटही तीच. सायकलींचा लोंढा सुटलेला आणि घंटी एकीलाही नाही. स्टँडवर चोरीला जायच्या, म्हणून आम्ही त्या काढूनच ठेवलेल्या. नुसतं "बाजू, बाजू" ओरडत जायचं.

एकदा कुणाचंतरी हँडल लागलं आणि सबनीस चिखलात पडले. मागचे सगळे त्यांना वळसा घालून पुढं गेले. मी थांबलो. उठवायला लागलो, तर त्यांना पाय टेकवेना.

"एवढी माणसं गेली रे, एक थांबला नाही," म्हणाले.

"साहेब, फाटक बंद होईल ना त्यांचं," मी म्हणालो. मग सायकलच्या कॅरियरवर बसवून त्यांना घरी नेलं.

त्यांना पोचवून कंपनीत गेलो. नवा टाइमकीपर खिडकीतून म्हणाला, "उद्या या."

"अहो भाऊ, सबनीससाहेब पडले वाटेत. पाय मोडलाय. त्यांनाच सोडून आलो."

"वाईट झालं," तो म्हणाला. "फार चांगला माणूस. हे काम त्यांनीच शिकवलं मला."

आणि खिडकी लावून घेतली.