ताईंच्या जुनिपरचं पाणी

...नाही, मी काय म्हणतो, माणसानं गावाला जाताना शेजारी घराची किल्ली द्यावी, फार तर मांजर सोपवावं, पण झाड? आणि तेही बारा महिने हिरवंच राहणारं झाड, म्हणजे जरा पिवळं पडलं की सगळ्यांनी माझ्याकडेच बघायचं! तुम्हाला सांगतो, माझी झोप उडाली होती. रविवारी ताई येणार होती.

दमयंतीताई, माझी थोरली बहीण, इथंच भिंगारला आमच्या शेजारी राहते. जन्मभर मुख्याध्यापिका. मला नातू झाला तरी तिनं नुसतं 'सुहास' म्हटलं की मी आधी नखं बघतो. ती मुलाकडे बंगळूरला निघाली आणि अंगणातलं जुनिपर माझ्या गळ्यात मारून गेली. उंचबिंच नाही हो, जमिनीलगत सतरंजीसारखं पसरणारं झुडूप. शामकांतरावांनी, आमच्या मेहुण्यांनी, डोंगराकडे बदली होती तेव्हा आणलेलं. ते गेले, झाड पसरत राहिलं. ताई रोज संध्याकाळी त्याच्याशेजारी खुर्ची टाकून बसते आणि काहीतरी बोलते. आम्ही विचारत नाही. जाताना म्हणाली, "आठवड्यातून एकदाच पाणी घाल. लाड नकोत."

आता एकदाच? नगरच्या उन्हाळ्यात? अहो, नळाला पाणी आलं म्हटलं की आम्ही पंगतीतून उठून घरी पळणारी माणसं! तहानेनं मेलं तर? म्हणून रोज सकाळी गुपचूप बादली ओतायला लागलो. शेंडा पिवळा पडला. घाबरून दोन बादल्या केल्या. आणखी पिवळं. ताईचा व्हिडिओ कॉल, "झाड दाखव." मी आपला, "ताई, रेंज नाही गं..." आणि रविवारी ताई येणार होती.

शनिवारी मुळाशी हात घातला, तर मनगटापर्यंत चिखल आणि वास असा, की गटार बरं. मधुवंतीला, म्हणजे बायकोला, दाखवलं. तिचा चेहरा पडला. "अहो, मी रोज संध्याकाळी घालत होते. ताईंची भीती वाटायची." म्हणजे दोघांनी मिळून बुडवलं. नगर जिल्ह्यात, भर एप्रिलमध्ये, झाड पाणी जास्त होऊन मेलं... कोणाला सांगणार?

ताई आली तोवर एका दिवसाच्या उन्हानं वरची माती कोरडी पडली होती. बॅग फाटकातच ठेवून वाकली, तपकिरी फांद्या हातानं बाजूला करत राहिली. मी हात मागे बांधून उभा. खरं सांगायचंच म्हणून घसाही खाकरला, तर तिचे डोळे भरलेले. मेहुणे गेले तेव्हाही तिला असं पाहिलं नव्हतं.

"माझंच चुकलं रे," म्हणाली, "मी एकदाच म्हटलं आणि तू शहाण्यासारखं ऐकलंस. तहानेनं गेलं बिचारं." मग कडेची एक हिरवी फांदी दाखवली. "एवढी वाचवायची. आजपासून तू सकाळी बादली घाल, मधुवंती संध्याकाळी घालेल."

मी मधुवंतीकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे. एक वाक्य बोलायचं होतं हो, साधं एक वाक्य... तोंडातून दुसरंच आलं.

"बरं, ताई."