रिकामं ताट आणि भरलेला डबा

...आणि वर लोक मलाच विचारतात, काय हो रघुवीर, इतकी वर्षं सिंगापूरला राहता, तुम्हाला चिनी, जपानी, कोरियन चेहऱ्यावरून ओळखू येतात का? आता तुम्हाला सांगतो, चेहऱ्यावरून कशाला ओळखायचे, जेवायला बसवा, तिसऱ्या घासाला आपोआप ओळखू येतात. मी बसवले ना. तिघांना एकदम, एकाच टेबलावर, गणपतीच्या रविवारी, भर दुपारी. म्हणून अनुभवाचे बोल सांगतो, पाहुणे बोलवा, जरूर बोलवा, पण एका वेळी एका देशाचे बोलवा.

आता कुणी विचारेल, बोलावलेतच कशाला? हौस नव्हती हो, घर जायची वेळ आली होती. आमचा क्लेमेंटीचा फ्लॅट भाड्याचा, मालक मिस्टर गोह, इथलेच चिनी, त्यांचे आजोबा बोटीतून आले आणि हे दोन बसस्टॉप पलीकडे म्हाताऱ्या आईबरोबर राहतात. तर ते एक दिवस म्हणाले, "मिस्टर रघु, अनदर टेनंट आस्किंग. एंड ऑफ मंथ आय टेल यू, लाह." इथे वाक्याच्या शेपटीला लाह लावतातच. आमची लेक जाई शाळेच्या शेवटच्या वर्षाला, शाळा खिडकीतून दिसते, आता कुठे हलायचं? मी पोर्टवरचा मरीन इंजिनिअर, मला वाटलं नीट बसून बोलावं, मुद्दे मांडावेत. आमची शैला म्हणाली, "अहो, मुद्दे कसले मांडताय, पाट मांडा. उकडीचे मोदक खाऊन कुणी कुणाला घराबाहेर काढलंय आजवर?"

आणि गोहसाहेब एकटे अवघडतील म्हणून शेजारचे दोघे बोलावले. डावीकडचे मोरिता-सान, सान म्हणजे आपलं राव, जपानी, जहाज कंपनीतून निवृत्त, सत्तरी ओलांडलेले, लिफ्टलासुद्धा वाकून नमस्कार करतील असे. उजवीकडचा हान, कोरियन, विद्यापीठात संशोधन करतो, पोरगेलासा, मला पाण्याचा ग्लास दिला तरी दोन हातांनी देतो. म्हटलं, हे दोघं आपल्याबद्दल चार चांगले शब्द बोलतील.

बरं, सुरुवातच अशी झाली. मी आपला हौशी माणूस, तिघांसाठी चॉपस्टिक आणल्या होत्या, आणि पानं सजवताना प्रत्येकाच्या भाताच्या मुदीत दोन-दोन उभ्या खोचून ठेवल्या, छान दिसत होत्या. तिघं टेबलापाशी आले आणि थबकले. मोरिता-सान भिंतीकडे बघायला लागले. हान मालकांकडे बघायला लागला. शेवटी गोहसाहेब माझ्या कानाशी आले, "मिस्टर रघु, लाइक दिस ओन्ली फॉर डेड पीपल, लाह." म्हणजे बघा, गणपतीच्या दिवशी मी तीन देशांचं श्राद्ध वाढून ठेवलं होतं! बाकी तिघांचं एकमेकांशी काही जुळत नाही, तिघं इंग्रजी बोलतात तीही तीन वेगवेगळी, पण या एका गोष्टीवर तिघांचं एकमत. जाईने सगळ्या काड्या उपटल्या, चमचे ठेवले आणि मला म्हणाली, "बाबा, यू डोन्ट डू एनीथिंग, ओके?"

बसले एकदाचे, तर कुणी सुरू करेना. हान थांबलाय, कारण त्याच्याकडे वडीलधाऱ्यांनी चमचा उचलल्याशिवाय लहानांनी उचलायचा नाही. मोरिता-सान हात जोडून थांबलेत, कारण यजमान बसलेले नाहीत. आम्ही उभे, कारण पाहुण्यांचं झाल्याशिवाय आपण बसतो का कधी? वरणाची वाफ बिचारी वर जाऊन परत खाली यायला लागली. गोहसाहेब भुकेलेले, ते म्हणाले, "ईट, ईट, कोल्ड आल्रेडी," आणि गाडी सुटली.

सुटली ती थांबेना. लक्ष देऊन ऐका, इथेच सगळी मेख आहे. मोरिता-सानांनी वाटी उचलून तोंडाशी नेली, शेवटच्या शितापर्यंत स्वच्छ केली आणि खाली ठेवली. जपानी माणूस ताटात काही टाकत नाही, टाकलं तर रांधणाऱ्याचा अपमान. आणि आमची शैला रिकामं ताट बघू शकत नाही. तिने मोदक वाढला, वर तूप. त्यांनी संपवला. तिने वाढला. "नो, नो, थँक यू," ते म्हणाले, पण आपल्याकडे पहिला नकार धरायचा असतो का? दुसराही नाही. तिने वाढला, त्यांनी वाकून नमस्कार केला आणि संपवला. ती आत येऊन मला म्हणते, "किती आवडलेत हो त्यांना, बिचाऱ्यांना घरी कोण करून घालणार?" आणि परात घेऊन पुन्हा बाहेर.

बरं, हानचं काय? थोरला माणूस जेवतोय तोवर त्याने हात आखडता घ्यायचा नाही. मोरिता-सान थांबेनात, म्हणून हान थांबेना. शैला म्हणाली, "तरुण पोरगा, खाणारच," त्यालाही वाढ. मी आयुष्यभर इंजिनं दुरुस्त केली, दाब चढला की कुठला व्हॉल्व्ह उघडायचा ते मला झोपेत कळतं, पण या यंत्राला व्हॉल्व्हच नव्हता हो. मोरिता-सानांच्या कपाळावर घाम, हान डोळे मिटून चावतोय, आणि शैला प्रसन्न चेहऱ्याने, "वन मोअर? ओन्ली वन, स्मॉल." उगाच नाही म्हणत, एका वेळी एका देशाचे.

आणि ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्या गोहसाहेबांनी अर्धा मोदक ताटात तसाच ठेवला आणि चमचा बाजूला केला. शैलाने ते पाहिलं. आत आली, चेहरा उतरलेला. "टाकला हो त्यांनी. अर्धा टाकला. गेलं आपलं घर." मलाही वाटलं, गेलं. आता मला तेव्हा कुठे माहीत, की त्यांच्या आईची शिकवण अशी, ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं म्हणजे यजमानाने पोटभर घातलं नाही असा अर्थ, म्हणून सभ्य माणसाने थोडं ठेवावं? म्हणजे आमच्या टेबलावर सर्वांत तृप्त झालेला माणूस कोण, तर ज्याच्यामुळे शैला रडकुंडीला आली तो.

शेवटी जाईने आईच्या हातातली परात काढून घेतली, खांदे धरून तिला खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, "आई, तू बस. यू सिट, दे कॅन स्टॉप." वाढणारीच बसली, यंत्र थांबलं. आणि मग काय गंमत, गोहसाहेबांनी स्वतः सगळ्यांत मोठा मोदक उचलून तिच्या ताटात ठेवला, हानने दोन हातांनी पाणी दिलं, आणि मोरिता-सान तुपाची वाटी तिच्यापुढे करून हळूच म्हणाले, "प्लीज. वन मोअर. स्मॉल."

गोहसाहेब निघाले, घराबद्दल चकार शब्द नाही. शैला, मोदक त्यांना आवडले नाहीत या दुःखात, पण देण्यात कसूर नाही, तिने उरलेले मोदक स्टीलच्या डब्यात भरून त्यांच्या आईसाठी दिले. एकाला दिला तर दोघांना कसा नाही द्यायचा, म्हणून तीन डबे गेले.

चार दिवसांनी बेल वाजली, दारात गोहसाहेब आणि हातात आमचा डबा. म्हटलं, डबा परत आला, हिशेब मिटला, आता घर. उघडला तर आत लालबुंद, कासवाच्या पाठीसारख्या तांदळाच्या वड्या, मुगाचं पुरण भरलेल्या. "माय मदर मेक. शी से, कॅनॉट रिटर्न एम्प्टी." शैलाचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू... "अगंबाई, यांच्यातही रिकामा देत नाहीत?" आमच्या डब्यात न मावलेल्या वड्या त्यांच्या आईच्या एका छोट्या डब्यात होत्या, तर तिने तो तिथल्या तिथे रिकामा करून त्यात चकल्या भरून दिल्या. संध्याकाळी मोरिता-सान, डबा असा घासलेला की त्यात तोंड दिसावं, रुमालात बांधलेला, आत मोची, त्यांच्याकडची तांदळाची मऊ मिठाई. मग हान, दोन हातांत डबा, आत किमची, आंबवलेल्या कोबीचं त्यांचं तिखट लोणचं, तेव्हापासून आमच्या फ्रीजमधल्या दुधालाही किमचीचा वास. आणि डब्यांची ये-जा सुरू झाली ती थांबेना. म्हणजे जेवायला बसले की चार तऱ्हा, आणि डबा परत करायचा म्हटला की चौघांची आई एकच.

महिनाअखेर गोहसाहेब आले, सोफ्यावर बसले, गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "मिस्टर रघु, आय वॉन्ट टु से येस टु अनदर टेनंट. बट माय मदर स्कोल्ड मी. युअर डबा माय हाउस, माय डबा युअर हाउस. हाउ टु आस्क यू टु गो?" आणि वर सुस्कारा टाकून, "टू मोअर इयर्स, लाह."

जाईची शाळा तिथूनच संपली. ती दोन वर्षंही उलटली. परवा मी शैलाला म्हटलं, पोरगी आता कॉलेजात गेली, जरा लहान, मोकळ्या ठिकाणी जाऊ या का? ती म्हणाली, "जाऊ की. पण अहो, गोहआजींचा डबा आपल्याकडे आहे, आणि आत्ता तो रिकामा आहे."