दुधात उतरतं

गोदावरी : मालिश नंतर कर, आधी ऐक, सुलाबाई. काल दुधी भोपळाही बंद केला सूनबाईचा. तरी विश्वजित सव्वा तास रडला.

सुलाबाई : आवं वैनी, दोन म्हैन्याचं लेकरू. पोटात वारा धरतोय त्येच्या. बेंबीभोवती कोमट तेलाचा हात फिरवते, गुडघं पोटाला लावते, की सुटतोय बगा.

गोदावरी : पण वारा येतो कुठून? आईच्या दुधातून. डाळ बंद केली, बटाटा बंद केला, कोबी तर घरात येऊ दिला नाही. आता राहिला मऊ भात.

मयूरी : आणि मीठ.

गोदावरी : मिठाचं मी बघतेच आहे.

मयूरी : आई, साताऱ्याला माहेरी मी सगळं खात होते.

गोदावरी : तेच आता निघतंय.

मयूरी : तो तिथंही रडायचा. डॉक्टर म्हणाले, तीन-चार महिन्यांत आपोआप थांबेल. जेवण सोडू नका म्हणाले.

गोदावरी : आपोआप थांबायचं असेल तर मी कशाला आहे या घरात?

मयूरी : काल सुमंतनं माझ्यासमोर बसून दोन बटाटेवडे खाल्ले.

गोदावरी : सुमंत पाजतो का बाळाला? आणि तू त्याच्या ताटाकडे टक लावून बसली होतीस. बघितलेलंही दुधात उतरतं. सुमंत अंगावर पीत होता, तेव्हा मी दिवाळीच्या फराळाकडे पाठ करून बसले होते.

सुलाबाई : चार दिस?

गोदावरी : तुळशीच्या लग्नापर्यंत. एकदा चकलीचा आवाज कानावर आला, तर पोर दुपारभर रडलं.

सुलाबाई : आमच्याकडं जतला कोकराचं पोट फुगलं की असंच चोळत्यात.

गोदावरी : आणि मेंढीचं काय बंद करता?

सुलाबाई : मेंढीचं? ती समदं खाती. एकदा माजं लुगडं खाल्लं.

गोदावरी : मग कोकरू रडलं असेल.

सुलाबाई : न्हाई वैनी. मी रडले. तेवढं हिंगाचं पानी कोमट करून आना की. बेंबीला लावायचंय.

गोदावरी : आणते. मयूरी, तू काही बघू नकोस.

मयूरी : ...गेल्या?

सुलाबाई : गेल्या. तुजं डोळं आत गेल्यात पोरी.

मयूरी : मावशी, तुम्ही सांगा ना त्यांना. तुमचं ऐकतील. म्हणा, दूध चांगलं आहे, हिला जेवू द्या.

सुलाबाई : मी सांगितलं तर उद्यापास्नं दुसरी बाई येईल. ती तुजा भात बी बंद करील. एवढ्या वर्सांत पोराच्या आजीला खरं सांगून कुटलं घर टिकलं न्हाई माजं.

मयूरी : गेल्या आठवड्यात मला स्वप्नात भरलं वांगं दिसलं.

सुलाबाई : सासूला न्हाई ना सांगितलंस?

मयूरी : चुकून बोलले. त्या दिवशी भातही मिळाला नाही.

सुलाबाई : ह्ये घे. दुपट्याखाली हाय. भाकरी अन् लसणाची चटनी, माजी न्ह्यारी. बिगीबिगी खा. मी ह्येचं पाय दुमडते तवर.

मयूरी : अजून मऊ आहे मावशी. चटणी आधी खाऊ की—

सुलाबाई : आगं खा! बगत काय बसलीस?

(विश्वजित मोठ्यानं वारा सोडून गप्प होतो. गोदावरी वाटी घेऊन दारात.)

गोदावरी : भोपळा निघाला. बघ, परवाचा राहिला होता. ...वास कसला?

सुलाबाई : लेकराचा, वैनी.

गोदावरी : लसणाचा? दुपटं उचल, मयूरी.

मयूरी : आई, मी अजून एक घासही—

सुलाबाई : माजी हाय भाकरी. मी न्हेमीच संगं आनते.

गोदावरी : तुझी आहे?

सुलाबाई : व्हय.

गोदावरी : मग खा.

सुलाबाई : आता भूक न्हाई वैनी. फुडल्या घरी बसून खाईन.

गोदावरी : इथंच खा. अन्न असं उघडं पडलेलं चांगलं नाही. बस. पाणी देऊ का? मयूरी, तू भिंतीकडे तोंड कर.

मयूरी : आई...

गोदावरी : कर. बाळाला घे मांडीवर. सुलाबाई, चटणी राहिली कडेला. तीही संपव.

सुलाबाई : खातीया, वैनी.

गोदावरी : सावकाश. घास लागेल. ...बघ, किती शांत झालाय. एक दिवस आईनं तोंड आवरलं की झालं.

सुलाबाई : संपली.

गोदावरी : आता रडायला लागला. मयूरी, मागं बघितलंस?

मयूरी : नाही.

गोदावरी : खरं सांग.

मयूरी : नाही बघितलं, आई.

गोदावरी : मग कशानं रडतोय तो?

मयूरी : ...वास घेतला मी.